पोळ्याचं काम होळीला, दिवाळीचं काम गणपतीला

संक्रांत होऊन आठवडा झाला. तीळगूळ संपला असला तरी हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत चालूच राहणार. वाण लुटायला बायका जमतात तेव्हा आज आम्ही सांगणार आहोत तो विषय जरूर काढा. विशेषतः ज्या घरातली एक तरी बाई, सून किंवा लेक मुसळगावच्या नाहीतर माळेगावच्या एमआयडीसीत कामाला जाते, त्या घरात काढाच.

आम्ही सिन्नर तालुक्यातल्या बचत गटांचं काम बघतो. दर महिन्याला गटाची बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, वसुली आणि लिखापढी. ही पंचसूत्री आम्हाला झोपेतही पाठ आहे. पण पैशाचं काम करणाऱ्या आम्हालाही एक गोष्ट नीट माहीत नव्हती आणि त्यापायी आमच्याच गटातल्या दोघींचं नुकसान झालं. एकीचं भरून निघालं, दुसरीचं नाही. नावं सांगत नाही. त्या दोघी आत्ता रेडिओ ऐकत असतील आणि त्यांनीच आम्हाला बोलायला सांगितलंय.

पहिली गोष्ट मावशींची. मावशी एका कारखान्यात पॅकिंगला जातात. विधवा आहेत. मालक गेल्यावर विम्याचे चाळीस हजार आले, ते त्यांनी बँकेत ठेव म्हणून ठेवले. गटातली बचत वेगळी. मागच्या फेब्रुवारीत त्यांना कावीळ झाली आणि तेवीस दिवस घरी पडून होत्या. ईएसआयच्या दवाखान्यात गेल्या, डॉक्टरांनी औषध दिलं, कामावर न जाण्याचा दाखला दिला, बऱ्या झाल्यावर कामावर जायला हरकत नाही असा दुसरा दाखला दिला. मावशींनी दोन्ही दाखले घडी करून पेटीत ठेवून दिले. पगाराच्या बदल्यात पैसे मिळतात हे त्यांना माहीत होतं. पण त्यासाठी बँकेच्या पासबुकाची झेरॉक्स द्यावी लागते आणि पासबुकावर चाळीस हजार दिसतात. साहेब म्हणतील, बाई, तुझ्याकडे पैसे आहेत, तुला कशाला हवेत? म्हणून त्या गेल्याच नाहीत. तेवीस दिवसांचं घर त्यांनी उसनवारीवर चालवलं.

जून महिन्याच्या बैठकीत त्या सहज बोलून गेल्या. आणि खरं सांगायचं तर आमच्यातल्या दोघीजणी तेव्हा म्हणाल्या, "बरोबर आहे, बचत दिसली की सरकारी मदत मिळत नाही." आम्ही समन्वयक म्हणवतो, आणि आम्हीच असं बोललो.

हा घोळ कुठून आला ते नंतर शोधून काढलं. संजय गांधी निराधार योजनेचे अर्ज आम्ही गावात भरून देतो. तिथे तहसीलचा उत्पन्नाचा दाखला लागतो आणि कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असावं लागतं. गंभीर आजार असलेल्यांनाही ती योजना आहे, त्यामुळे आजारपणाचे पैसे म्हटलं की आमच्या डोळ्यांपुढे तोच अर्ज येतो. आता ईएसआयमध्येही २१,००० हाच आकडा आहे! पण तो महिन्याच्या पगाराचा आहे. ज्याचा पगार महिना २१,००० रुपयांपर्यंत आहे, त्याला ईएसआय लागू होतो. एकीकडे वर्षाचं उत्पन्न, एकीकडे महिन्याचा पगार. आकडा एकच, म्हणून आमच्या डोक्यात दोन्ही योजनांची खिचडी झाली.

निराधार योजनेत विचारतात, तुझ्याकडे किती कमी आहे. ईएसआयमध्ये विचारतात, तू किती दिवस काम केलंस. तुमची ठेव, गटातली बचत, अंगावरचे दागिने, नवऱ्याची एक एकर जमीन, यांतलं काहीही ईएसआयचा साहेब विचारत नाही. पासबुक मागतात ते पैसे कुठल्या खात्यात टाकायचे हे कळावं म्हणून. खात्यात किती आहेत याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. कारण ही मदत नाही, हा विमा आहे. त्याचा हप्ता तुमच्या पगारातून आधीच कापून गेलेला असतो.

हप्ता किती? हिशेबाला सोपं जावं म्हणून रोज ४०० रुपये धरू. तुमच्या पगारातून शंभराला पाऊण रुपया कापतात, म्हणजे ४०० ला तीन रुपये. मालकाला त्यावर स्वतःचे शंभराला सव्वातीन भरावे लागतात, म्हणजे तेरा रुपये. ज्या बाईचा सरासरी रोज १७६ रुपये किंवा त्याहून कमी आहे, तिच्याकडून काहीच कापायचं नाही, मालकाचा वाटा मात्र भरायचाच.

आणि मिळतं किती? सरासरी रोजाच्या शंभराला सत्तर. ४०० रोज असेल तर दिवसाला २८० रुपये. आजारपणाचे पहिले दोन दिवस धरत नाहीत. त्याच दुखण्यानं किंवा दुसऱ्या दुखण्यानं पंधरा दिवसांच्या आत पुन्हा पडलात, तर मात्र ते दोन दिवस पुन्हा कापत नाहीत. वर्षाकाठी जास्तीत जास्त ९१ दिवसांचे पैसे मिळतात. टीबी, कॅन्सर अशा ३४ मोठ्या आजारांना याहून जास्त दर आणि जास्त मुदत आहे, पण त्याला दोन वर्षांची नोकरी आणि जास्त दिवसांची अट आहे. त्यावर पुन्हा कधीतरी बोलू.

मावशींना आम्ही ऑगस्टमध्ये शाखा कार्यालयात घेऊन गेलो. दाखले होते, उशीर का झाला ते एका कागदावर लिहून द्यावं लागलं. बारा महिन्यांच्या आत मागणी केली पाहिजे असा नियम आहे आणि आम्ही त्यात बसलो. तेवीसातले दोन दिवस गेले, राहिले एकवीस. २८० गुणिले २१, बरोबर ५,८८० रुपये खात्यात आले. चाळीस हजारांची ठेव आहे तशीच आहे, कुणी बघितलीही नाही. मावशींनी त्यातून उसने फेडले आणि आम्हाला प्रत्येकीला एक असे पेढे आणले. प्रत्येकीला एकच. त्या फार काटकसरी आहेत.

आता दुसरी गोष्ट, वहिनींची. ही सांगताना आम्हाला अजून अपराधी वाटतं.

वहिनी ठेकेदारामार्फत कारखान्यात जातात. त्याच ऑगस्टमध्ये त्यांना डेंग्यू झाला, एकोणीस दिवस घरी. मावशींचं काम झालेलं बघून आम्ही मोठ्या तोऱ्यात त्यांना घेऊन गेलो. एप्रिलपासून बाई एक दिवस चुकली नव्हती, शंभराच्या वर दिवस भरलेले, रोज तीन रुपये कापलेले. साहेबांनी विमा क्रमांक टाकला, संगणकाकडे बघितलं आणि म्हणाले, "ताई, तुमचे दिवस ७१ दिसतात. ७८ लागतात. लाभ बसत नाही."

आम्ही भांडायलाच उठलो. शंभरावर दिवस भरलेत, ७१ कसे? तेव्हा त्यांनी शांतपणे जे समजावलं, ते आता नीट ऐका. चुलीवर काही असेल तर गॅस बारीक करा.

ईएसआयचं वर्ष दोन तुकड्यांत असतं. एप्रिल ते सप्टेंबर हा भरायचा एक तुकडा आणि ऑक्टोबर ते मार्च हा दुसरा. त्याला ते अंशदान काळ म्हणतात. पण एका तुकड्यात भरलेले दिवस लगेच उपयोगी पडत नाहीत, मध्ये तीन महिन्यांचं अंतर असतं. एप्रिल ते सप्टेंबरमध्ये भरलेले दिवस पुढच्या जानेवारी ते जूनमधल्या आजारपणाला चालतात. ऑक्टोबर ते मार्चमध्ये भरलेले दिवस त्यानंतरच्या जुलै ते डिसेंबरमधल्या आजारपणाला चालतात. आणि ज्या तुकड्याचे दिवस चालणार, त्या तुकड्यात किमान ७८ दिवसांचं अंशदान असलंच पाहिजे.

म्हणजे वहिनी ऑगस्टमध्ये आजारी पडल्या, तर एप्रिलपासूनच्या शंभर दिवसांचा तिथे काही उपयोग नाही. ते दिवस जानेवारीपासून पुढे कामाला येणार. ऑगस्टसाठी बघायचे आदल्या ऑक्टोबर ते मार्चचे दिवस. आणि त्या सहा महिन्यांत वहिनी काय करत होत्या? कांदे. डिसेंबरात उक्त्यानं कांदे लावायला गेल्या, कारण लावणीच्या दिवसांत शेतात कारखान्यापेक्षा रोज जास्त सुटतो. मार्चमध्ये घरचा कांदा काढायला राहिल्या. या तालुक्यातली कुठली बाई असं करत नाही? खाडे पडले आणि दिवस झाले ७१.

सात दिवस कमी. वहिनींनी पदराची गाठ सोडली आणि म्हणाल्या, "साहेब, सात दिवसांचे एकवीस रुपये होतात ना? मी आत्ता भरते. वर दंड काय असेल तो घ्या."

आम्ही हे ऐकून गप्प झालो. कारण हे आम्हीच त्यांना शिकवलं होतं. गटात एखादीची बचत चुकली की पुढच्या बैठकीला ती दहा रुपये दंडासकट भरते आणि वही पुन्हा सरळ होते. आमच्या गटात दहा वर्षांत कुणाचा हक्क असा गेला नाही. साहेब काही वाईट नव्हते, त्यांनाही वाईट वाटलं. पण ते म्हणाले, "हे मागून भरता येत नाही. तुम्ही काम केलं, त्याचा पगार झाला आणि त्या पगारावर मालकानं भरलं, असा दिवस असेल तरच तो दिवस."

बचत आणि अंशदान यांतला फरक आम्हाला त्या टेबलासमोर कळला. बचतीत रुपया मोजतात. रुपया तुमचा, उशिरा टाका, लवकर टाका, गट सोडला तर घेऊन जा. पीएफसुद्धा तसाच, तो तुमच्या नावावर साठतो, व्याजासकट परत मिळतो. ईएसआयमध्ये काही साठत नाही. मोजला जातो तो दिवस. दहा वर्षं कापलं, कधी आजारी पडला नाहीत, तर काही परत मिळत नाही. आणि दहा वर्षं भरलेलं असूनही त्या एका तुकड्यात ७७ दिवस असतील, तर त्याच्या पुढच्या तुकड्यात आजारपणाचा पगार नाही. औषधपाणी वहिनींना मिळालं, पैसे मिळाले नाहीत. सतरा दिवसांचे ४,७६० होत होते.

गोष्ट इथे संपत नाही. घरी आल्यावर वहिनींनी भिंतीवरचं जुनं कॅलेंडर काढलं. दुधाच्या हिशेबाशेजारी त्या कामाच्या दिवशी काडी मारतात. आम्ही तिघींनी मोजलं. ८३ काड्या! मग लक्षात आलं की दिवाळीच्या गर्दीत ठेकेदारानं बारा दिवसांचे पैसे हातात रोख दिले होते. "कपात नको ना, पूर्ण चारशे घे," म्हणाला होता. वहिनींना तेव्हा बरंच वाटलं होतं. दिवसाला तीन रुपये वाचले. बारा दिवसांचे छत्तीस रुपये वाचले आणि त्यापायी ४,७६० गेले.

यावर कायद्यात उपाय नाही असं नाही. मालकानं अंशदान भरलं नाही म्हणून कामगाराचा लाभ बुडत असेल, तर ईएसआय महामंडळ लाभ देऊन मालकाकडून वसूल करू शकतं. ठेकेदाराच्या माणसांचं अंशदान भरण्याची जबाबदारीही शेवटी मुख्य कारखान्यावरच येते. आम्ही अर्ज केला, कॅलेंडरची झेरॉक्स जोडली. त्यांनी पगाराची चिठ्ठी मागितली, बँकेतली नोंद मागितली, हजेरीचं कार्ड मागितलं. यांतलं काहीच नव्हतं. काड्या आम्हाला खऱ्या वाटल्या, पण त्या आम्हीच मारलेल्या. बरोबरच्या बायका साक्षीला येतो म्हणाल्या होत्या, आयत्या वेळी एकही आली नाही. त्यांना दोष देत नाही, त्यांनाही उद्या तिथेच जायचं होतं. वहिनींनी गटातून आठ हजारांचं कर्ज घेतलं, महिना शेकडा दोननं. ते अजून फिटतंय. कुणी विचारलं की गट कशाला हवा, तर आम्ही हेच उदाहरण देतो. पण मनातून माहीत आहे की त्या कर्जातले पावणेपाच हजार घ्यायची वेळच यायला नको होती.

तुमच्यातल्या बऱ्याच जणी म्हणत असतील, आम्ही शेतमजुरीला जातो, घरी विड्या वळतो, आम्हाला यातलं काय? खरं आहे. हा नियम दहा किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या कारखान्यांतल्या कामगारांचा आहे. मळ्यातल्या बाईचा रोज बुडाला तर तो बुडालाच, तिला गटाची बचत हाच आधार. ही गोष्ट आम्हाला पटत नाही, पण आहे ती अशी आहे. म्हणूनच जिला ईएसआय आहे तिनं तो वाया घालवू नये. तिनं तिकडून पगार घेतला, तर गटातलं आजारपणाचं कर्ज जिला काहीच नाही तिच्यासाठी राहतं.

आता ज्यांना लागू आहे त्यांनी कागद-पेन घ्या. तुमचा विमा क्रमांक दहा आकडी असतो, तो पगाराच्या चिठ्ठीवर सापडेल. नसेल तर सुपरवायझरला विचारा, आणि तो "बघतो" म्हणाला तर पुन्हा विचारा. मोबाईलवर उमंग नावाचं अ‍ॅप आहे, त्यात ईएसआयमध्ये जाऊन आपलं अंशदान दिसतं. शाळेत जाणारी लेक पाच मिनिटांत काढून देईल. एका महिन्याचं अंशदान मालकानं पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचं असतं. म्हणजे ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर या तिन्ही महिन्यांचे दिवस आता दिसायला हवेत. पगारी सुट्टीचे दिवसही त्यात धरलेले असतात, तेही बघा. रोखीनं पैसे घ्यायची वेळ आली तर निदान कागदावर सही मागा. सही नाही म्हणाला तर त्याच दिवशी गटात सांगा, वर्षानं नको.

नवीन लागलेल्या पोरींसाठी वेगळं आहे. पहिल्यांदाच ईएसआयमध्ये आलात, तर आजारपणाच्या पगाराचा काळ कामाला लागल्यापासून नऊ महिन्यांनी सुरू होतो. पहिला तुकडा अर्धवट मिळालेला असतो म्हणून दिवसांची अटही त्या मानानं कमी होते. औषधोपचार मात्र पहिल्या दिवसापासून. आणि बाळंतपणाची अट वेगळी, आदल्या दोन तुकड्यांत मिळून ७० दिवस लागतात आणि पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवडे पूर्ण पगार मिळतो. लग्न ठरलेल्या पोरींनी नोकरी सोडायच्या आधी हा हिशेब मांडावा. सासरी कुणी सांगणार नाही.

आजारपणाचा पगार चालू असताना दुसरीकडे मजुरीला जाऊ नका. एकीनं दाखला घेतला आणि मिरच्या तोडायला गेली, असं होतं. त्या दिवसांचा हक्क जातो. आणि मालकानं त्या दिवसांची पगारी रजा दिली असेल तर दोन्हीकडून पैसे मिळत नाहीत. उलट बाजूनं, तुम्ही आजारपणाचा पगार घेत असताना मालक तुम्हाला कामावरून काढू शकत नाही. घाबरून तापातच कामावर जाऊ नका.

तुकड्यांचं गणित लक्षात राहत नाही, अशी गटात सगळ्यांची तक्रार होती. शेवटी मावशींनीच सोपं करून दिलं. पोळ्याचं काम होळीला, दिवाळीचं काम गणपतीला. पोळ्याच्या सुमाराला भरलेले दिवस पुढच्या होळीच्या आजारपणाला, दिवाळीत भरलेले दिवस पुढच्या गणपतीतल्या आजारपणाला. आता बैठकीत बचतीच्या वहीच्या शेवटच्या पानावर आम्ही कारखान्यात जाणाऱ्या प्रत्येकीचे दिवस लिहितो. बचत किती, कर्ज किती आणि दिवस किती.

सध्याचा तुकडा ३१ मार्चला संपतो. रविवार सोडले तर साठेक दिवस हातात आहेत. ज्यांचे आजपर्यंत वीस-पंचवीसच भरलेत, त्यांनाही अजून ७८ गाठता येतील, पण मग खाडा परवडणार नाही. वहिनींचे डिसेंबरअखेर ५४ झालेत, अ‍ॅपवर बघून लिहिलेत. मार्चमध्ये कांदा काढायचाच आहे. पण या वेळी त्यांनी दिराला आधीच सांगून ठेवलंय की आधी माझे २४ दिवस भरू दे, मग कांदा.

पुढच्या गुरुवारी आम्ही ग्रामपंचायतीत बसणार आहोत. विमा क्रमांक आणि असेल ती पगाराची चिठ्ठी घेऊन या. पासबुक आणलं तरी चालेल. आम्ही बघणार नाही आत किती आहेत ते.